चिकलठाण्याची धावपट्टी आणि बीड रस्ता

देऊळघाट आणि बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरील इतर गावांना नियमित विमानसेवेसाठी ज्या चिकलठाणा विमानतळाकडे जावे लागते, तेथे 26 एप्रिल 1993 रोजी दुपारी घडलेला अपघात उड्डाणक्षणीच्या दुर्घटनांचा अभ्यास करणाऱ्याला टाळता येत नाही. इंडियन एअरलाइन्सचे 491 क्रमांकाचे बोइंग 737-200 विमान दिल्लीहून जयपूर व उदयपूरमार्गे येऊन मुंबईकडे निघाले होते आणि त्यातील 118 जणांपैकी 55 जण मृत्युमुखी पडले.

भरपूर वजन घेऊन धावलेल्या या विमानाची चाके धावपट्टी जवळजवळ संपत असतानाच जमिनीवरून सुटली, आणि नेमक्या त्याच वेळी पट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. जिनिंगमध्ये सरकी काढलेली रुई प्रेसमध्ये दाबून व पट्ट्यांनी आवळून तयार होणारी गाठ कापसाच्या नावावरून वाटते तशी मऊ मुळीच नसते, त्यामुळे रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर विमानाच्या डाव्या चाकांचा आणि डाव्या इंजिनाच्या खालच्या भागाचा या गाठींवर बसलेला आघात जबर होता. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर उच्चदाबाच्या वीजतारांना धडकून विमान कोसळले.

अशा अपघाताची चर्चा करताना वैमानिक प्रथम हवेचा विचार करतात, कारण तापलेली हवा विरळ होते, पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनांची ताकद दोन्ही घटतात व पट्टी अधिक खर्ची पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंचीवरच्या चिकलठाण्यात पारा 40 अंशांवर असेल, तर विमानाच्या दृष्टीने तेथील हवा सुमारे 1,600 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ ठरते. धुळे किंवा बारामती येथे लहान विमानांवर शिकणाऱ्यांनाही उन्हाळ्यात हाच हिशेब करावा लागतो. त्यानंतर प्रश्न येतो रोटेशनचा, म्हणजे ठरलेला वेग येताच नियंत्रणदांडा ओढून विमानाचे नाक वर उचलण्याचा. वेग ताशी 260 किलोमीटर धरला, तर या कृतीस झालेला एका सेकंदाचा उशीर सत्तर मीटरांहून अधिक पट्टी गिळतो.

चौकशी न्यायालयाने वैमानिकांनी उशिरा व चुकीच्या पद्धतीने केलेले रोटेशन हे कारण मानले, परंतु उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयशही त्याच निष्कर्षात नोंदवले. लोकांच्या स्मरणात मात्र पहिलेच कारण अधिक राहिले, आणि हा दुसऱ्या कारणावर अन्याय आहे. वैमानिकाच्या हातून एखादा सेकंद निसटणे ही सर्व काळजी घेऊनही संभवणारी गोष्ट असते, तर धावपट्टीच्या तोंडाशी असलेला वाहता रस्ता रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. जिब्राल्टरमध्ये शहरात येणारा मुख्य रस्ता अनेक दशके धावपट्टीलाच छेदून जात असे, आणि विमान येता-जाताना तो फाटक लावून अडवला जाई; त्यासाठी महागडी यंत्रणा नव्हे, तर वेळापत्रक आणि फाटकाशी उभा माणूस पुरेसा होता. चिकलठाण्याची धावपट्टी पुढे लांबवण्यात आली, तेव्हा अपघाताला बरीच वर्षे उलटून गेली होती.