कोडं आपलं, उत्तर कुणाच्या पाकिटात?

पेपरातल्या शब्दकोड्यावर आपल्या देशात कायदा आहे, असं सांगवीच्या पारावर सांगितलं तर कुणाला पटणार नाही. पण आहे. 1955 सालचा. आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं भांडण आज आपल्या पोरांच्या मोबाईलपर्यंत आलंय. म्हणून ही जरा लांब पोस्ट. सवडीने वाचा.

शब्दकोडं तसं फार जुनं नाही. 21 डिसेंबर 1913 ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पेपरात आर्थर विन यांनी पहिलं छापलं. आपल्याकडे ते आलं आणि मराठीने त्याला आपल्या पद्धतीने वळवलं. इंग्रजीत एका चौकोनात एक लेटर, आपल्यात काना-मात्रेसकट एक अख्खं अक्षर.

सामान्यज्ञानाच्या कोड्याची गंमत बघा. आडवा शब्द : ‘सातारा जिल्ह्यातलं मोठं धरण, तीन अक्षरं.’ कोयना. त्याच ‘को’पासून उभा शब्द : ‘पंचगंगेकाठचं शहर.’ कोल्हापूर. एक उत्तर दुसऱ्याची साक्ष देतं. चुकलं तर उभा शब्दच सांगतो, गड्या, परत बघ. तरी शंका राहिली तर नकाशा उघडा. उत्तर जगात आहे, ते कुणाच्या खिशात नाही.

पण स्वातंत्र्याच्या आगेमागे याच कोड्याचा धंदा झाला. बक्षिसाची कोडी. प्रवेश फी भरायची, कूपन भरून पाठवायचं, हजारोंच्या बक्षिसाची वाट बघायची. तेव्हाच्या मुंबई राज्यात हे इतकं वाढलं की 1948 मध्ये सरकारने लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. मग काही कंपन्यांनी राज्याबाहेरून कोडी चालवली. त्यातलं गाजलेलं नाव आर. एम. डी. चमारबागवाला. त्यांची कंपनी म्हैसूर राज्यातली, कोडी छापणारं ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिक बंगळूरचं, पण खपायचं मुंबई राज्यात. प्रवेशिका आणि फी गोळा करणारी माणसंही इथलीच. 1952 मध्ये सरकारने कायदा दुरुस्त करून बाहेरच्या पेपरांनाही कर लावला. कंपनी कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयात जिंकलीही.

आता या कोड्यांची खरी मेख सांगतो. उदाहरण माझं, पण तऱ्हा तीच. ‘म्हातारपणी माणसाला याचा आधार वाटतो : __न’. धन लिहाल की जन? दोन्ही बरोबर. मग बक्षीस कुणाला? संयोजकांनी आधीच ठरवून बंद करून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचं जुळेल त्याला. असे दोन-दोन पर्यायांचे 17 शब्द असतील तर 1,31,072 तऱ्हेने कोडं भरता येतं. त्यातली एकच ‘बरोबर’. इथे वाचन काय कामाचं? हा तर सरळ आकडा लावणं झालं.

9 एप्रिल 1957 ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. सरन्यायाधीश एस. आर. दास. जुगार हा व्यापार नव्हे, त्याला धंद्याच्या स्वातंत्र्याचं संरक्षण नाही, असं ठरलं. त्याच दिवशी दुसऱ्या खटल्यात केंद्राचा 1955 चा बक्षीस स्पर्धा कायदाही टिकला. या कायद्यात महिन्याची बक्षिसं 1000 रुपयांच्या वर आणि प्रवेशिका 2000 च्या वर नेता येत नाहीत, शिवाय परवाना लागतो. मात्र कोर्टाने एक रेघ ओढली. यशाचा मोठा भाग कौशल्यावर अवलंबून असेल, तर तो जुगार नव्हे आणि हा कायदा त्याला लागू नाही.

पुढची जवळजवळ सत्तर वर्षं सगळे याच रेघेला धरून चालले. 1967 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. 2017 मध्ये फँटसी क्रिकेटच्या बाजूने पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचा निकाल आला. मग प्रत्येक जाहिरातीत तेच, ‘हा कौशल्याचा खेळ आहे’. ऊसबिलाचे पैसे खात्यावर आले की त्यातले किती अशा ॲपमध्ये गेले, हे घरोघरी ज्याचं त्याला ठाऊक. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. म्हणजे ऑनलाइनपुरती ती रेघच पुसली.

कायदा झाला म्हणून धंदा थांबतोच असं नाही. 1948 नंतर कोडी बंगळूरवरून यायची, आता लिंक कुठून येते तेही कळत नाही. ‘दहा प्रश्न, फक्त 49 रुपये, बक्षीस मोटारसायकल’ असं काही व्हॉट्सॲपवर आलं तर दोनच गोष्टी विचारा. पैसे आधी का मागतात? आणि बरोबर उत्तर मला स्वतःला पुस्तकात, नकाशात तपासता येतं का? येत नसेल तर ते कोडं नाही.

बारामतीच्या अभ्यासिकांमधल्या पोरापोरींना मात्र आग्रहाने सांगेन, पेपरातलं रोजचं कोडं सोडवा. पाच-सात रुपयांच्या पेपरात भूगोल, इतिहास, पुराणं सगळं येतं, आणि हरलात तर जातं काय? पेन्सिलीचं टोक.

कुणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत अशा बक्षिसाच्या कोड्यांची जुनी कूपनं, अंक असतील तर कळवा. बघायला येतो.