आगबोट, कोळसा आणि तांबड्या समुद्राची वाट

मराठ्यांच्या आरमाराचा वृत्तांत लिहितांना इतिहासकाराची लेखणी बहुधा दोन सालांपाशीं थांबते. १७५६ त विजयदुर्ग पडून तुळाजी आंग्र्यांचें आरमार नष्ट झालें आणि १८१८ त पेशवाईबरोबर धुळपांच्या सुभ्याचाहि शेवट झाला, इतकें सांगून प्रकरण मिटविण्यांत येतें. ज्या आनंदराव धुळपांनीं १७८३ त इंग्रजांचें 'रेंजर' जहाज झुंजून पाडाव केलें, त्यांची परंपरा पुढें पुनः उभी कां राहूं शकली नाहीं, याचें उत्तर केवळ राज्य गेलें एवढ्यानें पूर्ण होत नाहीं. राज्य गेल्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत मुंबईच्या गोदींतून एक असें जहाज पाण्यांत उतरलें कीं, त्यामुळें समुद्रावरील सत्तेचा पायाच बदलला. तें जहाज म्हणजे 'ह्यू लिंडसे' ही आगबोट होय.

शिडाच्या आरमाराचें सारें गणित वाऱ्यावर बसविलेलें असे. पावसाळ्यांत गलबतें खाड्यांतून ओढून ठेवावयाचीं, वारा फिरला म्हणजे बाहेर काढावयाचीं, आणि किनाऱ्यावरील दुर्गांच्या आश्रयानें शत्रूची वाट अडवावयाची, ही कोंकणी युद्धपद्धति होती. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा या स्थळांचें मोल त्यांच्या तटांइतकेंच त्यांच्या पाठीशीं असलेल्या सुरक्षित पाण्यांतहि होतें. वारा कोणाच्याहि मालकीचा नव्हता. तो आंग्र्यांस जितका मिळे तितकाच कंपनीच्या जहाजांस मिळे. आगबोटीनें वाऱ्याची ही समता मोडली आणि तिच्या जागीं कोळसा आणिला, जो विकत घ्यावा लागतो, वाहून न्यावा लागतो आणि वाटेवर सांठवून ठेवावा लागतो.

या नव्या युगाचा आरंभ कोणीं केला हें पाहूं जातां पुण्याच्या वाचकांस दोन परिचित नांवें भेटतात. १८१७ त खडकीच्या लढाईच्या वेळीं पुणें दरबारीं रेसिडेंट असलेला मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुढें मुंबईचा गव्हर्नर झाला (१८१९-१८२७), आणि तांबड्या समुद्राच्या वाटेनें आगबोटींचा टपालमार्ग सुरू करावा ही सूचना त्यानें विलायतेस केली. त्याच्या मागून गव्हर्नरीवर आलेला सर जॉन माल्कम म्हणजे १८१८ त दुसऱ्या बाजीरावास शरण आणणारा गृहस्थ. त्याच्याच कारकीर्दींत ही सूचना अमलांत आली; आणि त्या वेळीं मुंबईच्या आरमाराचा प्रमुख त्याचा भाऊ सर चार्लस माल्कम हा होता. ज्या हातांनीं पेशवाईचा शेवट केला, त्यांनींच आगबोटीच्या युगाची पायाभरणी केली, हा केवळ योगायोग नव्हे. देश हातीं आल्यावर त्याचें लंडनशीं दळणवळण जलद करणें ही त्यांच्या राजकारणाची पुढची पायरी होती.

'ह्यू लिंडसे' हें जहाज ४११ टनांचें होतें. नवरोजी जमशेटजी वाडिया यांनीं तें बांधिलें व १४ ऑक्टोबर १८२९ रोजीं तें पाण्यांत उतरलें. यंत्रें मात्र लंडनच्या मॉड्स्ले यांच्या कारखान्यांतून आलीं. प्रत्येकी ८० अश्वशक्तींचीं अशीं तीं दोन होतीं. २० मार्च १८३० रोजीं कप्तान जॉन विल्सन याच्या हुकमतीखालीं तें मुंबईहून निघालें. जहाजावर साडेपांच दिवस पुरेल इतकाच कोळसा ठेवण्याची सोय होती. परंतु एडनपर्यंतचा प्रवास त्याच्या दुप्पट होता. म्हणून मिळेल त्या कोपऱ्यांत, खोल्यांतून सुद्धां, कोळसा भरावा लागला आणि त्या ओझ्यानें जहाज पाण्यांत खोल बसलें. अकराव्या दिवशीं एडन गांठलें, तेव्हां अवघा सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. सुवेझला तें २२ एप्रिल रोजीं पोंचलें. एकूण कालावधींत प्रत्यक्ष चालण्याचे दिवस सुमारें एकवीस. बाकीचे वाटेवरील बंदरांत मुख्यतः कोळसा भरण्यांत गेले. हा कोळसा आधींच शिडाच्या जहाजांनीं पुढें पाठवून ठेविलेला होता. म्हणजे वाऱ्याची गरज संपविण्यासाठीं निघालेल्या या नौकेचें अन्न वाऱ्यावरच आणावें लागलें!

त्या सहा तासांच्या कोळशांत पुढील कित्येक वर्षांचें राजकारण सांठविलेलें होतें. कोळशाचें ठाणें दुसऱ्याच्या मुलुखांत असणें हें धोक्याचें, ही गोष्ट कंपनी सरकारास उमगली. १८३७ त 'दर्या दौलत' हें जहाज एडनजवळ फुटून लुटलें गेलें, त्या निमित्तानें बोलणें सुरू झालें, आणि १९ जानेवारी १८३९ रोजीं एडन बळानें घेण्यांत आलें. त्यानंतर एकाच वर्षानें, १८४० त, वारसाचा हक्क नाकारून कुलाब्याचें आंग्र्यांचें संस्थान खालसा झालें. किनाऱ्यावरील जुन्या दुर्गांचें दिवस संपत होते आणि कोळशाच्या ठाण्यांचे सुरू होत होते, याची खूण या दोन लागोपाठच्या सालांवरून पटते.

१ मे १८३० पासून कंपनीच्या मुंबईच्या आरमारास 'इंडियन नेव्ही' हें नांव मिळालें. त्याच्यासाठीं मुंबईच्या गोदींत पुढें 'ऑकलंड', 'सेमिरामिस' यांसारख्या चाकांच्या लढाऊ आगबोटी बांधण्यांत आल्या. सागवानाचें बांधकाम हें या गोदीचें वैशिष्ट्य. तेथेंच १८१७ त बांधलेलें 'त्रिंकोमाली' हें शिडाचें युद्धजहाज आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे, यावरून त्या कारागिरीची कल्पना यावी. पण आगबोटींत सागवानापेक्षां पोटांतील यंत्र अधिक मोलाचें, आणि तें समुद्रापलीकडून यावयाचें. ही उणीव ओळखणारा पुरुष वाडियांच्याच घराण्यांत निपजला. आर्देशीर कर्सेटजी यांनीं १८३३ त 'इंडस' नांवाची लहान आगबोट स्वतः सिद्ध केली, १८४१ त लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले हिंदी सभासद झाले आणि त्याच सुमारास मुंबईच्या बाष्पयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंते म्हणून युरोपियनांवरहि हुकमत चालवूं लागले. एका व्यक्तीची ही थोरवी खरी. पण यंत्र ओतण्याची विद्या सबंध देशांत रुजविणें हें परक्या सरकारच्या धोरणांत नव्हतें.

१८५४ त गोदींतून दोन मोठ्या आगबोटी निघाल्या. एकीचें नांव 'पंजाब', दुसरीचें 'असई'. १८०३ त ज्या असईच्या रणांत शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या, त्याच गांवाचें नांव मुंबईच्या कारागिरांनीं घडविलेल्या नौकेच्या कपाळीं कोरलें गेलें. १८५६-५७ च्या इराणच्या युद्धांत 'असई'नें बुशायरवर तोफा डागल्या. पुढें १८६३ त इंडियन नेव्ही मोडण्यांत आली व या दोन्ही आगबोटी लंडनच्या जॉन विलिस नामक जहाजमालकास विकण्यांत आल्या. त्यांचीं यंत्रें काढून त्यांवर शिडें चढविलीं गेलीं! १८६४ त इराणच्या आखातांत तारायंत्राची दोरी घालण्याच्या कामीं त्या पुनः पूर्वेस आल्या. 'पंजाब'चें नांव आतां 'ट्वीड' झालें होतें, आणि शिडाचें जहाज म्हणून तिनें वेगाची अशी कीर्ति मिळविली कीं, १८६९ त विलिसनें 'कटी सार्क' हें सुप्रसिद्ध जहाज बांधविलें तेव्हां तिच्याच आकाराचा आदर्श त्याच्या डोळ्यांपुढें होता असें सांगतात. यंत्र गेलें तरी सागवानी सांगाडा व त्याची घडण टिकली. म्हणजे जें आपलें होतें तें शेवटपर्यंत खरें उतरलें.

कोळशाचा हा धडा केवळ जित राष्ट्रांसाठीं नव्हता, हें स्पेनच्या उदाहरणावरून दिसतें. स्पेननें १८३४ त कानडांत बांधलेली 'रॉयल विल्यम' ही आगबोट विकत घेऊन तिला 'इसाबेल दुसरी' असें नांव दिलें व आपल्या बाष्पनौदलाचा आरंभ केला. तिची चिलखती 'नुमान्सिया' फ्रान्सांत बांधली गेली. १८६५ ते १८६७ या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली चिलखती नौका ठरली. परंतु १८९८ त अमेरिकेशीं युद्ध जुंपून १ मे रोजीं मनिलाच्या उपसागरांत स्पॅनिश आरमार बुडालें, तेव्हां खरी परीक्षा झाली. अमेरिकन सेनापति ड्यूई यानें युद्धापूर्वींच हाँगकाँग येथें कोळशाचें जहाज विकत घेऊन ठेविलें होतें. उलट स्पेनचा कामारा हा 'पेलायो' व 'कार्लोस पांचवा' या बलाढ्य नौका घेऊन जूनमध्यें फिलिपाइन्सकडे निघाला, तो पोर्ट सैदपाशीं अडला. मिसरांत इंग्रजांचा अंमल. तटस्थतेच्या नांवाखालीं त्याला तेथें कोळसा मिळेना. कसाबसा कालवा ओलांडून तो तांबड्या समुद्राच्या तोंडाशीं आला, तों सांतियागोच्या पराभवाची वार्ता येऊन त्यास परत फिरण्याची आज्ञा झाली. पुढें एडन होतें, तेंहि इंग्रजांचेंच. ज्या वाटेवर 'ह्यू लिंडसे' सहा तासांच्या कोळशानिशीं तरली, त्याच वाटेच्या मुखाशीं एका जुन्या साम्राज्याच्या तोफा कोळशाअभावीं निरुपयोगी ठरल्या.

या विवेचनाचा संग्राहकांस एक व्यावहारिक उपयोगहि आहे. मुंबई किंवा कोंकण येथील तारीख नसलेल्या मोडी कागदांत सुवेझच्या आगबोटीचा उल्लेख आढळल्यास तो कागद १८३० च्या पूर्वींचा नव्हे, असें धरावयास हरकत नाहीं. दुसरें असें कीं, बंदरावरील कोळशाचे हिशेब, भाड्याच्या चिठ्या, खलाशांच्या पगाराच्या याद्या, असे कागद दप्तरांतून निघाले म्हणजे ते क्षुल्लक समजून बाजूस टाकण्याची संवय आहे. सनदा आणि तहनामे जपावे, तसेच हेहि जपावे. शिडाच्या काळचा इतिहास दुर्गांच्या भिंतींवरून वाचतां येतो. आगबोटीच्या काळचा इतिहास मात्र कोळशाच्या वह्यांतच लिहिलेला असतो, आणि वाळवीला सनद व वही यांतील भेद कळत नाहीं.