पाणपोई आणि नळ : अमेरिकेतील गरिबांच्या टेलिफोनचा इतिहास

चैत्र-वैशाखात आपल्या गावोगावी पाणपोया उघडतात. रांजणाला ओले फडके गुंडाळलेले असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी मिळते. मृग लागला की पाणपोई बंद होते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, कारण ती घालणाऱ्याचे ते पुण्यकर्म असते. नगरपालिकेचा नळ मात्र दोन दिवस कोरडा राहिला तर आपण रिकामी घागर घेऊन कचेरीवर जातो. पाणी तेच, परंतु पहिल्या ठिकाणी आपण याचक असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नागरिक. गरिबाच्या हातातला टेलिफोन ही पाणपोई की नळ, हा प्रश्न अमेरिकेत गेली चाळीस वर्षे निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला आहे. त्याचा इतिहास थोडक्यात आपणांपुढे मांडण्याचा विचार आहे.

२०१२ साली तेथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रंगात आली असता ‘ओबामाफोन’ हा शब्द लोकांच्या तोंडी झाला. ओबामा गोरगरिबांना फुकट मोबाइल वाटून मते विकत घेत आहेत, असा त्या शब्दाचा रोख होता. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ या आपल्या म्हणीत धर्मार्थ घेणाऱ्याला जो टोमणा आहे, तोच या शब्दातही होता. पण मुळात ही गाय धर्माची होती काय? याचे उत्तर हवे असेल तर ओबामांच्या मागे, तब्बल शंभर वर्षे मागे जावे लागते.

ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. १८९३-९४ मध्ये मूळ पेटंटांची मुदत संपताच शेकडो स्वतंत्र कंपन्या उभ्या राहिल्या. १९०७ च्या सुमारास देशातले जवळजवळ निम्मे टेलिफोन बेल कंपनीच्या बाहेरचे होते. एका कंपनीच्या तारेवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे. त्यामुळे कित्येक शहरांत डॉक्टर आणि दुकानदार दोन-दोन टेलिफोन बाळगीत. त्याच वर्षी बेल समूहाची सूत्रे थिओडोर व्हेल यांच्या हाती आली. ‘एक धोरण, एक यंत्रणा, सार्वत्रिक सेवा’ ही त्यांची घोषणा. यातली ‘सार्वत्रिक सेवा’ म्हणजे घरोघरी टेलिफोन, असे आपण आज समजतो. परंतु इतिहासकार मिल्टन म्युलर यांनी दाखवून दिले आहे, की व्हेल यांच्या मनात प्रामुख्याने होते ते एकमेकांना जोडलेले एकसंध जाळे. व्हेल हे काही समाजवादी नव्हते. त्यांना मक्तेदारी हवी होती. तथापि त्यांच्या घोषणेत एक व्यवहारी सत्य होते. जगात एकच टेलिफोन असेल तर ती भिंतीवरची लाकडी पेटी होय. दुसऱ्या घरी टेलिफोन आला की पहिल्याची किंमत वाढते, हजाराव्या घरी आला की आणखी वाढते. म्हणजे गरिबाच्या घरी टेलिफोन गेला तर त्याचा लाभ श्रीमंतालाही होतो. पुढच्या सर्व इतिहासाचे बीज या एका गोष्टीत आहे.

१९३४ साली रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत संदेशवहनाचा कायदा झाला आणि फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे केंद्रीय संदेशवहन आयोग, अस्तित्वात आला. शक्य तेथवर देशातील सर्व लोकांना वाजवी दरात सेवा मिळावी, हा उद्देश कायद्याच्या पहिल्याच कलमात नमूद झाला. तो अमलात आला तो मात्र हिशेबाच्या वहीतून. गावातल्या गावात बोलावयास आणि दूरच्या शहरी बोलावयास घरची तार एकच लागते. मग तिचा खर्च कोणत्या खात्यावर टाकावयाचा? तो दोन्हींत वाटला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९३० साली दिला होता. महायुद्धानंतर या वाटणीत दूरध्वनीच्या लांब पल्ल्याच्या खात्यावरचा भार वाढत गेला. न्यूयॉर्कहून शिकागोला बोलणाऱ्या व्यापाऱ्याच्या बिलातून खेड्यातल्या म्हातारीचे मासिक भाडे हलके होत होते. व्यापाऱ्याला हे दिसत नव्हते आणि म्हातारीलाही माहीत नव्हते. मदत होती, पण तिला नाव नव्हते. आणि नाव नव्हते म्हणून कोणी हिणवीतही नव्हते.

ही झाकली मूठ १९८४ साली उघडली. सरकारने बेल कंपनीवर १९७४ मध्ये मक्तेदारीविरोधी दावा लावला होता. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि १ जानेवारी १९८४ रोजी त्या प्रचंड संस्थेचे तुकडे झाले. स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली, लांब पल्ल्याची सेवा वेगळी राहिली. एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे सरकवण्याची सोय संपली. १९८५ पासून प्रत्येक घरगुती ग्राहकावर दरमहा १ डॉलरची नवी आकारणी बसली. ती १९८९ पर्यंत साडेतीन डॉलरवर जावयाची होती. त्या वेळी देशातल्या शंभरांतील सुमारे ९१ घरांत टेलिफोन होता, पण अल्प उत्पन्नाच्या घरांत हेच प्रमाण सुमारे ८० होते. दर वाढले तर ही माणसे टेलिफोन काढून टाकतील, अशी भीती उघड दिसत होती.

म्हणून १९८५ साली ‘लाइफलाइन’ योजना सुरू झाली. लाइफलाइन म्हणजे बुडत्याकडे फेकलेला दोर. तीत गरीब कुटुंबाच्या मासिक बिलात सूट मिळे. १९८७ साली तिला ‘लिंक-अप’ची जोड मिळाली, टेलिफोन बसवण्याच्या खर्चापैकी निम्मा, जास्तीत जास्त ३० डॉलरपर्यंत, तीतून भागे. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते रोनाल्ड रीगन. सरकारी मदतीला कात्री लावणारे म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्याच काळात ही योजना जन्मली, हा केवळ योगायोग नव्हे. बाजार खुला करावयाचा तर जुन्या व्यवस्थेत जे लपून चालले होते ते उघडपणे कोणी तरी करावे लागणार होते.

१९९६ साली क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर सही केली. सार्वत्रिक सेवेसाठी त्यात स्वतंत्र कलम आले आणि एक कायमस्वरूपी निधी उभा राहिला. हा निधी सरकारी तिजोरीतून भरला जात नाही. दूरसंचार कंपन्या आपल्या आंतरराज्य व आंतरराष्ट्रीय उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा त्यात भरतात आणि तो ग्राहकांच्या बिलात स्वतंत्र रकमेने उतरवतात. खेडी, शाळा व ग्रंथालये, ग्रामीण दवाखाने आणि गरीब कुटुंबे या चौघांना त्यातून साहाय्य मिळते. टेलिफोनवाल्यांनीच टेलिफोन नसलेल्यांसाठी भरलेली ही वर्गणी होय.

आता मोबाइलकडे येऊ. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स आणि आखाताचा किनारा उद्ध्वस्त केला. ज्यांचे घरच वाहून गेले त्यांच्या घरी तार कोठे न्यावयाची? मुलगा एका राज्यात, आई दुसऱ्या राज्यातल्या छावणीत; नोकरीचा, विम्याचा, डॉक्टरचा निरोप यावा तर कोणत्या पत्त्यावर? आयोगाने त्याच वर्षी वादळग्रस्तांसाठी तात्पुरती सोय केली. मोबाइल संच आणि किमान ३०० मिनिटांचे बोलणे यासाठी कुटुंबामागे १३० डॉलरपर्यंत रक्कम मंजूर झाली. त्याच सुमारास, स्वतःचे जाळे नसलेल्या ट्रॅकफोन या मोबाइल कंपनीला लाइफलाइनमध्ये येण्याचा मार्गही मोकळा झाला. तिची ‘सेफलिंक’ सेवा २००८ साली सुरू झाली. ओबामा तेव्हा निवडूनही आलेले नव्हते. राष्ट्राध्यक्ष होते धाकटे बुश.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. लाइफलाइनचा पैसा सेवेसाठी असतो, संचासाठी नव्हे. साधा संच कंपनी आपल्या पदरचा देत असे, कारण एकदा ग्राहक मिळाला की दरमहा निधीतून रक्कम येत राही. ग्राहकाला काही राज्यांत महिन्याला केवळ ६८ मिनिटे मिळत. पण कामावर बोलावणारा मालक किंवा मुलाच्या शाळेतले शिक्षक यांना आपल्यापर्यंत पोचता यावे, एवढ्याला ती मिनिटे पुरत.

मोबाइल आला आणि खर्च झपाट्याने वाढला. २००८ साली लाइफलाइनवर सुमारे ८० कोटी डॉलर खर्च होत. २०१२ साली तो आकडा सुमारे २२० कोटींवर गेला. मागणी खरी होती, तसाच गैरव्यवहारही खरा होता. एकाच घरात दोन-दोन फोन गेले, आणि वापरात नसलेल्या फोनांचे पैसे कंपन्या उचलू लागल्या. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ म्हणतात तसे झाले. २०१२ साली आयोगाने नियम आवळले: घरटी एकच सवलत, दरवर्षी पात्रतेची फेरतपासणी, नावांची राष्ट्रीय नोंदवही. मासिक साहाय्य ९ डॉलर २५ सेंट ठरले. हे सारे योग्यच होते. तथापि पीठ कोणी खाल्ले, हेही पाहिले पाहिजे. वापरात नसलेल्या सुमारे ८ लाख ८५ हजार ग्राहकांच्या नावे स्प्रिंट कंपनीने रक्कम उचलल्याचे उघड झाले, आणि २०२० साली तिला २० कोटी डॉलर भरावे लागले. टिंगल झाली ती मात्र ज्याच्या हातात फोन होता त्याची. अर्जांच्या आणि दरसाल तपासणीच्या जाचाने पात्र असलेली बहुसंख्य कुटुंबे योजनेबाहेरच राहिली. चोर सोडून संन्याशाला सुळी, यापेक्षा वेगळे काय म्हणावे?

दरम्यान टेलिफोनचा अर्थच बदलत होता. नोकरीचा अर्ज, शाळेचा अभ्यास, डॉक्टरची वेळ ही सारी कामे इंटरनेटवर गेली. २०१६ साली आयोगाने लाइफलाइनमध्ये इंटरनेटचा समावेश केला. मग २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि शाळा बंद झाल्या. कॅलिफोर्नियातील सॅलिनास या शेतमजुरांच्या गावी दोन लहान मुली एका उपाहारगृहाबाहेर जमिनीवर बसून, तेथले इंटरनेट वापरून शाळेचा अभ्यास करीत आहेत, असे एक छायाचित्र देशभर प्रसिद्ध झाले. जगाला संगणकयुग देणारी सिलिकॉन व्हॅली तेथून तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे.

२०२० च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसने ३२० कोटी डॉलर मंजूर केले, आणि मे २०२१ पासून गरीब कुटुंबाला इंटरनेटच्या बिलात दरमहा ५० डॉलरपर्यंत सूट मिळू लागली. लॅपटॉप किंवा टॅब्लेट यांसाठी एकदाच १०० डॉलरपर्यंत साहाय्य होते. अट अशी, की कुटुंबाने स्वतःचे १० डॉलरहून अधिक आणि ५० हून कमी भरावेत. लोक ज्याला ‘फुकट टॅब्लेट’ म्हणत तो वास्तविक असा होता. नोव्हेंबर २०२१ च्या कायद्याने आणखी १,४२० कोटी डॉलर दिले. सूट ३० डॉलर झाली आणि योजनेला ‘परवडणारी जोडणी’ या अर्थाचे नवे नाव मिळाले. २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबे तीत आली.

पण हा पैसा एकदाच ओतलेला होता. रांजण भरून ठेवावा तसा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी नोंदणी थांबली, एप्रिलमध्ये पूर्ण सूट शेवटची मिळाली आणि १ जून २०२४ रोजी योजना संपली. ७०० कोटी डॉलर द्यावेत म्हणून दोन्ही पक्षांच्या सभासदांनी विधेयक आणले होते; ते मंजूर झाले नाही. ज्यांना टॅब्लेट मिळाले होते त्यांच्या घरी टॅब्लेट राहिले, त्यांना जोडणारी सेवा पुन्हा पूर्ण दराची झाली. तार तोडलेला टेलिफोन भिंतीवर टांगलेला राहावा, तसेच हे झाले.

लाइफलाइन मात्र लहानशी, टिंगल सोसलेली, तरी टिकली, कारण तिला वाहता झरा आहे. तो झराही निर्धोक नाही. लांब पल्ल्याच्या बोलण्याचे उत्पन्न आटत गेले, तसा कंपन्यांवरील हिस्सा १९९० नंतरच्या दशकाअखेरीस होता त्या पाच-सहा टक्क्यांवरून २०२१ मध्ये तीस टक्क्यांच्या वर गेला. ही वर्गणी घटनाबाह्य आहे असा दावाही लढला गेला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरवली.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या देशातही १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवेचा निधी आहे. तो दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नावरील आकारणीतून भरतो. खेड्यातला सार्वजनिक टेलिफोन हे त्याचे पहिले काम होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले. तेव्हा अमेरिकेचा हा धडा आपल्यालाही पाठ करण्याजोगा आहे.

तो धडा असा. ज्या काळी गरिबाची मदत दरपत्रकात मुरलेली होती, तेव्हा तिच्यावर कोणी बोट ठेवले नाही. ती उघड झाली तेव्हा तिचा हिशेब मागता आला, हे चांगले झाले; पण त्याचबरोबर घेणाऱ्याकडे बोट दाखवणेही सोपे झाले. हिशेब उघडा असावा आणि माणसाची लाज झाकलेली असावी, हे दोन्ही एकाच वेळी साधणे, हीच लोकराज्याची कसोटी होय. संच वाटणे हे सोपे काम आहे. त्याचे छायाचित्र निघते. दरमहा, गाजावाजा न करता, त्या संचात आवाज येत राहील अशी तजवीज करणे अवघड आहे, आणि तिचे छायाचित्र निघत नाही. पाणपोई घालणाऱ्याला आपण अवश्य दुवा द्यावा. पण गावाची तहान कायमची भागवायची असेल तर जमिनीखालून नळ न्यावा लागतो, आणि त्याची पट्टी सर्वांनी मिळून भरावी लागते.