दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही

मंडळी, घरात साठीपुढचं कुणी तंबाखू मळत असेल, मिश्री लावत असेल किंवा सुपारी चघळत असेल, तर पोस्ट शेवटपर्यंत वाचा.

१९५२ साली डॉ. श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांचा एक आजार नोंदवला. गाल आतून ताठर झालेले, तोंड पुरतं उघडेना. कारण सापडलं नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशींनी असेच रुग्ण नोंदवले आणि 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव रुळलं. सुरुवातीला संशय मिरचीवर होता. गुन्हेगार निघाली सुपारी, आपण पाहुण्याला मानाने देतो ती!

पण दवाखान्यात माणूस येतो तो दुखायला लागल्यावर. त्याआधीचे पांढरे-लाल चट्टे दुखत नाहीत. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि सहकारी थेट खेड्यांत गेले. आपल्या पुणे जिल्ह्यात त्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. १९७२ साली निष्कर्ष छापून आले. चट्टे सापडले ते मुख्यतः तंबाखूवाल्यांच्या तोंडात.

बघून उपयोग काय? त्याचं उत्तर केरळने दिलं. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन तोंडं तपासू लागले. ते डॉक्टर नव्हते. २००५ मध्ये निकाल आला. तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले होते.

आपल्याकडे २०१२ ला गुटखाबंदी झाली, चर्चा सगळी तरुण पोरांची. आजीच्या मिश्रीच्या डबीकडे कुणी बघत नाही. आजोबांना तिखट झोंबायला लागलं की 'वय झालं' म्हणायचं आणि भाजीतली मिरची कमी करायची.

प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होत नाही. पण कुठला होईल, हे घरी बसून कळत नाही. दोन आठवड्यांत न गेलेला चट्टा किंवा जखम, तोंडात सतत आग, उभी तीन बोटं तोंडात न जाणं, यातलं काहीही असेल तर दाखवा. कवळी असेल तर काढून आत बघा.

तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडतपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. आरोग्य केंद्रात म्हाताऱ्यांचं बीपी, शुगर बघतात, तेव्हाच 'आ करा' म्हणायला काय खर्च येतो? पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारा.