वेगाचे शौकीन आणि मोटारींचे कारागीर

पुण्याहून नाशिकच्या वाटेनें निघालें म्हणजे चाकण आणि राजगुरुनगर मागें टाकल्यावर मंचर लागतें. आंबेगांव तालुक्याची ही मोठी बाजारपेठ. यात्रांच्या दिवसांत या मुलखांतील गांवोगांव बैलगाड्यांच्या शर्यती होतात. धांवेच्या वाटेस येथें घाट म्हणतात आणि प्रत्येक धांवेस बारी. एक बारी म्हणजे कांहीं सेकंदांचा खेळ. पुढें घोडी उधळते, मागून गाडा येतो, आणि धूळ खालीं बसण्यापूर्वीं सर्व संपलेलें असतें. हा शर्यतीचा गाडा निरखून पाहिला तर त्यांत माल भरण्यास जागा नाहीं, बायकामुलांस बसण्याची सोय नाहीं. शेताच्या कामीं त्याचा कांहींएक उपयोग नाहीं. तरीहि त्याचा मालक वर्षभर बैलांच्या खुराकावर पैसा ओततो, आणि सुताराकडून गाडा करवून घेतांना हलकेपणा व मजबुती यांपलीकडे फारसें कांहीं मागत नाहीं.

हा शौक साधा नव्हे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्यें त्यांस सशर्त परवानगी मिळाली. आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें महाराष्ट्राचा त्यासंबंधींचा कायदा वैध ठरविला. मुक्या जनावरांच्या हालांचा प्रश्न त्या वादाच्या मुळाशीं होता आणि तो खराच होता. परंतु शेतकरी मंडळी इतकीं वर्षें ज्यासाठीं झगडलीं, तें केवळ करमणुकीचें साधन होतें असें म्हणतां येणार नाहीं. येथूनच एक जुना प्रश्न उभा राहतो. जें वाहन उपयोगाच्या हिशेबांत बसत नाहीं, तें घडविणाऱ्याकडून त्याच्या चाहत्याला नेमकें काय हवें असतें? बैलगाड्याविषयीं हा प्रश्न सहसा लिहून ठेवला गेला नाहीं. अतिवेगवान व आलिशान मोटारींविषयीं मात्र त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें, आणि त्या इतिहासांत एका मराठी घराण्याचें नांव ठळकपणें येतें.

तें घराणें म्हणजे इंदूरचे होळकर. नीरेकांठच्या होळ गांवाहून निघालेलें हें कुळ मल्हाररावांच्या तलवारीनें माळव्यांत रुजलें. त्याच कुळांत १९०८ सालीं यशवंतराव होळकर, दुसरे, यांचा जन्म झाला. वडील तुकोजीराव यांनीं १९२६ सालीं गादी सोडल्यावर ते गादीवर आले आणि १९३० सालीं राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हातीं आले. शिक्षण ऑक्सफर्ड येथें झालेलें. रुचि पूर्णपणें नव्या युगाची. माणिकबाग राजवाडा बांधण्याचें काम त्यांनीं एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकारावर सोंपविलें, आणि ब्रांकुझीसारख्या शिल्पकाराच्या कृति घेतल्या. त्यांच्या मोटारशाळेंत बेंटली, अल्फा रोमिओ, हिस्पानो-सुइझा अशा नामांकित गाड्या होत्या. परंतु मोटारींचे जाणकार होळकरांचें नांव विशेषेंकरून घेतात तें ड्यूसेनबर्ग नांवाच्या अमेरिकन गाडीमुळें.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे जर्मनींतून अमेरिकेस गेलेले दोघे भाऊ. त्यांनीं नांव मिळविलें तें शर्यतींच्या मैदानावर. १९२१ सालीं त्यांच्या गाडीनें फ्रान्समधील ग्राँ प्री जिंकली. १९२४, १९२५ आणि १९२७ सालीं इंडियानापोलिसची पांचशें मैलांची शर्यत जिंकली. १९२६ सालीं उद्योगपति कॉर्ड यांनीं ही पेढी विकत घेतली आणि जगांतील सर्वोत्तम मोटार बांधण्यास सांगितलें. १९२८ च्या अखेरीस ‘जे’ नमुना लोकांपुढें आला. आठ नळकांड्यांचें, सुमारें सात लिटरचें आणि २६५ अश्वशक्तीचें तें एंजिन होतें. पुढें दाबानें हवा भरण्याची योजना जोडून ‘एस. जे.’ नमुन्यांत ती शक्ति ३२० पर्यंत नेण्यांत आली. त्या काळीं सामान्य मोटारीस चाळीस-पन्नास अश्वशक्ति पुष्कळ वाटे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो.

कारखाना विके तो मुख्यतः सांगाडा आणि एंजिन. वरची बांधणी गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घ्यावयाची. होळकरांनीं एस. जे. चा लांब सांगाडा घेतला आणि लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीकडून त्यावर बांधणी करवून घेतली. मॅकनील नांवाच्या आरेखकानें तिचें रूप योजलें. एवढी लांबलचक गाडी, परंतु मुख्य आसनें दोघांपुरतींच! ज्या राजास लवाजम्यासह मिरवावयाचें असतें, तो अशी गाडी मागत नाहीं. ती ज्याला चाक स्वतःच्या हातीं धरावयाचें आहे त्याची गाडी होती.

या एका मागणींत शौकिनाच्या बहुतेक अपेक्षा आल्या आहेत. एंजिनाच्या बाबतींत त्यानें निर्मात्यास शिकविण्याचा प्रयत्न केला नाहीं. जो शर्यती जिंकून आला आहे त्याच्या विद्येवर त्यानें विश्वास टाकला. रूपाच्या बाबतींत मात्र आपली आवड ऐकली जावी असा त्याचा आग्रह होता. आणि सोय, जागा, काटकसर या तीन गोष्टी त्यानें आनंदानें सोडून दिल्या. निर्मात्याचा स्वभाव गाडींत उतरलेला असावा आणि त्यांत आपल्यालाहि थोडी जागा असावी, एवढेंच त्याला हवें होतें.

हा पैसा कोणाचा, हा प्रश्न येथें टाळतां येत नाहीं. माळव्यांतील शेतकऱ्यानें भरलेला सारा ज्या खजिन्यांत जाई, त्याच खजिन्यावर संस्थानिकांचे शौक पोसले जात. इंदूर संस्थान १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालें. यशवंतराव १९६१ सालीं निवर्तले. ड्यूसेनबर्ग पुढें अमेरिकेस परत गेली. ज्या प्रजेच्या पैशानें ती आली, त्या प्रजेस तिचें आतां दर्शनहि नाहीं.

कोल्हापुरांत याच्या उलट घडलें. राजाराम महाराजांच्या काळची मेबॅक मोटार तेथें आजहि जपलेली आहे आणि दसऱ्याच्या सोहळ्यांत ती दसरा चौकांत येते तेव्हां लोक तिच्याकडे आपलेपणानें पाहतात. मेबॅक ही मूळची झेपेलिन विमाननौकांचीं एंजिनें बनविणारी जर्मन पेढी. कोल्हापूरकरांस त्या एंजिनाचे बारकावे ठाऊक असतीलच असें नाहीं. परंतु गाडी अजून चालते, याचा अभिमान सर्वांस आहे. शौकाची वस्तु टिकली कीं ती गांवाची होते.

निर्मात्यांचें काय झालें? फ्रेड ड्यूसेनबर्ग १९३२ सालीं मोटार-अपघातानंतर वारले आणि १९३७ सालीं कारखाना बंद पडला. ‘जे’ जातीच्या गाड्या उण्यापुऱ्या पांचशेंहि झाल्या नाहींत. फ्रान्समध्यें एत्तोरे ब्युगाटी यांनीं ‘रॉयाल’ नांवाची बारा लिटरांहून मोठ्या एंजिनाची गाडी राजेरजवाड्यांसाठीं योजिली. पंचवीस बांधण्याचा संकल्प होता. बांधल्या गेल्या सहा आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांस विकल्या गेल्या अवघ्या तीन. जगावर मंदी आलेली होती. अखेर तीं प्रचंड एंजिनें फ्रेंच रेल्वेच्या डब्यांस जोडण्यांत आलीं आणि राजांसाठीं योजलेली शक्ति तिकिट काढणाऱ्या सामान्य उतारूंच्या कामीं आली. उत्तम कारागिरी एकटी पेढीस तारीत नाहीं, हा धडा दोन्हींकडून मिळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांनीं तग धरला, त्यांचा मार्ग निराळा होता. एन्झो फेरारी यांनीं १९४७ सालीं आपल्या नांवाची पहिली गाडी बाहेर काढली. रस्त्यावरच्या गाड्या विकावयाच्या त्या शर्यतींचा खर्च भागविण्यासाठीं, असें त्यांचें धोरण. आणि विशेष हें कीं गिऱ्हाइकाला तेंच आवडे. आपल्या पैशानें शर्यतीचा घोडा पोसला जातो, हें समाधान तो गाडीबरोबर विकत घेई. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे तर ट्रॅक्टरांचे कारखानदार. आपल्या फेरारीविषयींची तक्रार ऐकून घेतली गेली नाहीं म्हणून १९६३ सालीं आपण स्वतःच मोटारींचा कारखाना काढला, अशी हकीकत ते सांगत. तींत तिखटमीठ असेल. पण चाहत्याचें म्हणणें न ऐकणारा निर्माता स्वतःचा प्रतिस्पर्धी निर्माण करतो, एवढें तात्पर्य तींतून निघतें.

भारतांत स्वातंत्र्यानंतर अशा वाहनांस जागाच नव्हती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची स्थापना १९४४ ची. कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं मोटारी बाहेर पडूं लागल्या, आणि पुढें कित्येक वर्षें साध्या घरगुती मोटारीसाठींच लोकांस नांव नोंदवून थांबावें लागे. पोलाद आणि परकीय चलन यांची टंचाई असतांना दोन आसनांच्या गाडीचा विचार कोण करणार? तो विचार शतकाच्या अखेरीस झाला. १९९८ च्या सुमारास गोव्यांत बांधलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही छोटी, उघड्या टपाची गाडी बाजारांत आली. पुढें २०१२ सालीं दिल्लीच्या वाहनप्रदर्शनांत दिलीप छाब्रिया यांच्या मुंबईच्या पेढीनें ‘अवंती’ ही एंजिन आसनांच्या मागें बसविलेली गाडी मांडली. दोहोंचें कौतुक झालें. परंतु दोहोंचें एंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचें होतें. सॅन स्टॉर्मची शक्ति सुमारें साठ अश्वांची. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वींच्या ड्यूसेनबर्गच्या चौथाईहूनहि कमी. रूप आपलें, काळीज उसनें, अशी शौकिनांची भावना झाली असल्यास नवल नाहीं. दोन्ही गाड्यांची परंपरा पुढें चालली नाहीं.

तथापि उसन्या एंजिनावरच सगळा दोष टाकणें न्यायाचें होणार नाहीं. १९४८ सालीं पोर्श यांची जी पहिली गाडी निघाली, तिचें एंजिन आणि पुष्कळसे भाग साध्या फोक्सवागनच्या मोटारींतून घेतलेले होते. फरक पुढें पडला. त्या पेढीनें तें एंजिन वर्षानुवर्षें सुधारलें, अखेर स्वतःचें केलें, आणि १९६३ सालीं दाखविलेल्या ‘९११’ या गाडीची घडण साठ वर्षें ओळखूं येईल अशी राखली. चाहत्यांनीं प्रत्येक सुधारणेवर कुरकुर केली आणि प्रत्येक सुधारित गाडी पुन्हां घेतली. निर्माता आपल्या मूळ कल्पनेशीं एकनिष्ठ आहे आणि उद्यां तो येथेंच असणार आहे, हा विश्वास त्यांस होता. पहिली गाडी अपुरी असली तरी शौकीन क्षमा करतो. दुसरी गाडी कधींच आली नाहीं, तर मात्र करीत नाहीं. गाडी मोडली तर भाग कोठून आणावा, एंजिन बिघडलें तर कोणास विचारावें, हे प्रश्न वेगाइतकेच त्याच्या जिव्हाळ्याचे असतात.

आज मंचरच्या खालीं चाकणच्या माळावर मोठमोठे मोटार-कारखाने उभे आहेत. फोक्सवागन आणि मर्सिडीज यांचे कारखाने तेथें २००९ सालीं सुरू झाले. २०२० सालीं मर्सिडीजनें आपल्या ए. एम. जी. या वेगवान जातीची एक गाडी तेथें जुळविण्यास आरंभ केला, आणि २०२२ सालीं मेबॅकचें नांव धारण करणारी आलिशान मोटारहि तेथें जुळवली जाऊं लागली. कोल्हापूरच्या गादीसाठीं ज्या नांवाची गाडी एके काळीं जर्मनीहून बोटीनें आली, तेंच नांव आतां पुणें जिल्ह्यांतील कामगारांच्या हातांतून बाहेर पडतें. ए. एम. जी. च्या जर्मनींतील कारखान्यांत मोठीं एंजिनें एकेका कारागिरानें आरंभापासून अखेरपर्यंत बांधण्याची आणि त्यावर त्याच्या सहीची पट्टी लावण्याची चाल आहे. शौकीन मंडळी झांकण उघडून ती सही आवर्जून पाहतात. त्या पट्टीनें वेग वाढत नाहीं. ही वस्तु एका माणसानें केली, एवढेंच तिनें कळतें.

चाकणांत हात मराठी आहेत, कसब आहे, शिस्तहि आहे. नांव मात्र परक्या गांवचें आहे. तें नांव येथलें व्हावयाचें असेल तर त्याला भांडवलाइतकीच चिकाटी लागेल, आणि पहिल्या दोन प्रयत्नांच्या अपयशानें ती सोडून चालणार नाहीं. त्यासाठीं धडा घेण्यास फार दूर जावें लागत नाहीं. मंचरच्या बाजूस बारींत गाड्याचें चाक निखळलें, तर मालक तो गाडा घेऊन ज्यानें तो केला त्या सुताराकडे जातो. सुतार गाडा उलटा करून पाहतो, कोठें चुकलें तें ओळखतो, आणि पुढच्या यात्रेपूर्वीं तो नीट करून देतो. मालकाचा विश्वास बसतो तो त्या दिवशीं.