मराठी ख्रिस्ती ग्रंथव्यवहार आणि मंडळीच्या नेतृत्वाचा प्रश्न

प्रस्तावना

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार बहुधा दोन अंगांनी केला जातो. मुद्रण, व्याकरण, कोश आणि नियतकालिके या क्षेत्रांतील मिशनऱ्यांच्या कामगिरीची नोंद घेणे हे एक अंग, आणि धर्मप्रसाराचे साधन म्हणून या वाङ्मयाची चिकित्सा करणे हे दुसरे. दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत. परंतु त्यांच्या गर्दीत एक प्रश्न मागे पडतो. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळीचे पुढारपण कोणी करावे, आणि त्यासाठी लागणारा अधिकार नेमणुकीने यावा, विद्वत्तेने यावा की आचरणाने सिद्ध व्हावा, हा तो प्रश्न होय. श्रद्धा आणि शील यांविषयी मराठीत लिहिलेल्या ख्रिस्ती ग्रंथांतून तो सतत डोकावत राहतो. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेस लागून असलेला तत्कालीन अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा, पुणे शहर आणि दौंड तालुक्यातील केडगाव ही या इतिहासाची तीन प्रमुख केंद्रे होती. प्रस्तुत लेखात या केंद्रांतील काही ग्रंथकारांच्या आधारे त्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

ओवीपासून छापखान्यापर्यंत

मराठीतील ख्रिस्ती ग्रंथरचनेचा आरंभ गोमंतकात झाला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या पुराणांच्या जागी श्रवणासाठी काही हवे, ही गरज ओळखून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. ओवी श्रोत्यांची होती, अधिकार मात्र पाद्रीचा होता. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांविरुद्ध फर्मान काढले आणि ही परंपरा क्षीण झाली. एकोणिसाव्या शतकातील प्रोटेस्टंट ग्रंथकारांना त्यामुळे जवळजवळ नव्याने प्रारंभ करावा लागला.

हा नवा प्रारंभ छापखान्याच्या बळावर झाला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने लवकरच स्वतःचा छापखाना उभारला. १८२७ मध्ये बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी स्थापन झाली, आणि १८४२ मध्ये अहमदनगर येथे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. या काळातील पुस्तिका बव्हंशी खंडनमंडनाच्या आहेत. त्यांतील वाचक हा अद्याप बाहेरचा, पटवून द्यावयाचा माणूस आहे. मंडळीच्या आत राहणाऱ्या मराठी माणसाने कसे वागावे, कोणाचे ऐकावे, हे विषय त्यांत क्वचितच येतात. बनियनच्या सुप्रसिद्ध रूपकग्रंथाचे 'यात्रिकक्रमण' (१८४१) हे मराठी रूप सिद्ध करणारे हरि केशवजी पाठारे प्रभू समाजातील होते आणि त्यांनी धर्मांतर केलेले नव्हते. श्रद्धेच्या प्रवासावरील ग्रंथ श्रद्धेबाहेरील विद्वानाच्या लेखणीतून उतरावा, यावरून त्या वेळी मंडळीपाशी स्वतःची लेखणी किती थोडी होती हे लक्षात येते.

'मंडळी' आणि 'पाळक'

या वाङ्मयाने रूढ केलेले शब्दही विचारात घेण्याजोगे आहेत. चर्चसाठी 'मंडळी' हा शब्द स्थिरावला. तो घरगुती आहे, त्यात वास्तूचा अथवा सत्तेचा वास नाही. पास्टरसाठी 'पाळक' हा शब्द आला. गुरे-मेंढरे राखणारा आणि पोशिंदा अशा दोन्ही छटा त्यात आहेत, आणि गावकुसाबाहेर राहून इतरांची गुरे राखणाऱ्यांना तो लगेच कळला असावा. व्यवहारात मात्र पाळकाचा पगार मिशनच्या तिजोरीतून येई. स्वावलंबी, स्वयंशासित आणि स्वयंप्रसारक मंडळी हे तत्त्व अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि इंग्लंडमधील हेन्री व्हेन यांनी मांडले होते. अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः पश्चिम भारतात येऊन गेले, आणि त्याच सुमारास हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना अहमदनगर येथे पाळकदीक्षा मिळाली. दीक्षा मिळाली तरी पैसा आणि नेमणुका यांविषयीच्या निर्णयांचे सूत्र दीर्घकाळ अमेरिकी मिशनऱ्यांच्याच हाती राहिले.

बाबा पदमनजी : ग्रंथकार पाळक

या परिस्थितीत मराठी ख्रिस्ती माणसाला अधिकार मिळविण्याचा एक मार्ग उपलब्ध होता, तो म्हणजे ग्रंथकर्तृत्व. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे त्याचे ठळक उदाहरण. बेळगावच्या कासार कुटुंबात जन्मलेले, मुंबईत परमहंस सभेच्या संपर्कात आलेले पदमनजी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. १८५७ मध्ये त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःस्थितीवरील ही कृती मराठीतील पहिली कादंबरी होय की नव्हे, हा वाद साहित्याच्या अभ्यासकांनी पुष्कळ केला आहे. येथे वेगळीच गोष्ट महत्त्वाची आहे. यमुनेची श्रद्धा घरात, प्रवासात आणि इतरांच्या दुःखाशी होणाऱ्या तिच्या वागणुकीत तपासली जाते. शास्त्रार्थाला तेथे दुय्यम स्थान आहे. श्रद्धेचा पुरावा शीलात शोधण्याची ही रीत पुढील मराठी ख्रिस्ती लेखनात टिकली.

पदमनजी १८६७ मध्ये पुण्यात फ्री चर्चचे पाळक झाले, परंतु काही वर्षांनी ते पद सोडून त्यांनी लेखन व संपादन यांनाच वाहून घेतले. नव्या करारावरील टीका, 'शब्दरत्नावली' हा कोश, 'अरुणोदय' (१८८८) हे आत्मचरित्र यांसह शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. 'अरुणोदय'मध्ये परमहंस सभेविषयी जे येते ते आजही वाचनीय आहे. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा गुप्तपणे करावयाची आणि बाहेर सर्व आचार पाळावयाचे, ही विसंगती त्यांना सहन झाली नाही. विचार आणि आचार यांत अंतर नको, हा आग्रह त्यांच्या धर्मांतराच्या कथेचा कणा आहे.

तथापि पदमनजींचा अधिकार ज्या व्यवस्थेवर उभा होता ती मिशनरी संस्थांचीच होती. ट्रॅक्ट सोसायटी आणि बायबल सोसायटी यांच्यासाठीच त्यांनी पुष्कळसे काम केले. लेखणी मराठी झाली. कागद, छपाई आणि वितरण यांचा धनी बदलला नाही. पदमनजींना ही मर्यादा जाचल्याचे त्यांच्या ग्रंथांतून फारसे जाणवत नाही. ती जाचली पुढच्या पिढीला.

टिळकांचा राजीनामा

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथील धर्मशिक्षण संस्थेत अध्यापन, १९०४ मध्ये पाळकदीक्षा, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन, असा त्यांचा क्रम बाह्यतः मिशनच्या चौकटीतलाच दिसतो. परंतु त्यांचे अभंग आणि भजने वाचली की चौकटीच्या आत एक वेगळीच भाषा वाढत होती हे कळते. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या पदांतील ख्रिस्त हा गुरू आहे, माउली आहे. उपासक हा शिष्य आहे. वारकरी परंपरेत नेतृत्वाला पगार नसतो आणि नेमणूक करणारी समितीही नसते. कीर्तनकाराचा अधिकार श्रोत्यांनी मान्य केला तरच टिकतो. ही कल्पना पत्करल्यावर मिशनचा वेतनपट आणि ख्रिस्ती सेवा यांची सांगड घालणे कठीण होते.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावून घेण्याची योजना होती. मंडळीच्या दृष्टीने हे पाऊल साधे नव्हते. बाप्तिस्मा ही सभासदत्वाची खूण मानली जात असताना भक्ती हीच खूण मानणे म्हणजे मंडळीची सीमा कोणी आखावी, हा प्रश्न उपस्थित करणे होते. 'दरबार' हा शब्दही लक्षणीय आहे. दरबारात राजा एकच असतो. बाकीचे सारे, गोरे असोत वा काळे, मिशनरी असोत वा गावचे पंतोजी, एका ओळीत उभे राहतात.

टिळकांचे हे धाडस निर्दोष होते असे म्हणता येत नाही. वेतन सोडणारा पुरुष स्वतःबरोबर घरालाही त्या निर्णयात ओढतो. पैसा हाती न ठेवण्याची टिळकांची वृत्ती संसारात काय घडवीत असे, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) या आत्मकथनात विनोदाच्या आवरणाखाली स्पष्ट दिसते. त्यागी नेतृत्वाचा हिशेब तेथे स्वयंपाकघरातून मांडला गेला आहे, आणि असा हिशेब चरित्रग्रंथांत सहसा सापडत नाही. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या टिळकचरित्रात संत आणि कवी भेटतो. 'स्मृतिचित्रां'त संतापी, भोळा, क्षणात घर सोडून जाणारा माणूस भेटतो. नेत्याच्या शीलाचा अभ्यास करणाऱ्यास दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. दरबार स्थापन झाल्यावर दोन वर्षांच्या आतच, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे निधन झाले आणि ती संस्था फार काळ टिकली नाही. त्यांची गीते मात्र 'उपासनासंगीत'मधून मराठी मंडळ्यांत गायिली जात राहिली. ज्या मंडळीने त्यांची संघटनेची कल्पना स्वीकारली नाही तिनेच त्यांची भाषा उपासनेत स्वीकारली.

केडगावचा छापखाना

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) याच प्रश्नाला वेगळ्या दिशेने हात घातला. ख्रिस्ती होण्यापूर्वीच, १८८२ मध्ये, त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे स्त्रियांच्या शीलशिक्षणाचे पुस्तक लिहिले होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर, श्रद्धेच्या बाबतीत कोणत्याही एका चर्चचा निर्णय विनातक्रार मानण्यास त्यांनी आपल्या अँग्लिकन मार्गदर्शिकांना पत्रांतून नकार दिला. केडगाव येथील मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही पंथाच्या अधीन केले नाही. दुष्काळांत आश्रयास आलेल्या मुली व स्त्रिया तेथे विविध उद्योग शिकल्या. छपाई हा त्यांपैकी एक होता.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. खुळे जुळविण्यापासूनचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले होते. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ सोबत आणणारे शब्द रमाबाईंना अमान्य होते. अल्पशिक्षित स्त्रीला वाचता येईल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. येथे टिळक आणि रमाबाई यांच्यातील अंतर स्पष्ट होते. एकाने भक्तिपरंपरेचे शब्द आत घेतले, दुसरीने ते निग्रहाने बाहेर ठेवले. तरीही परक्या संस्थेच्या संमतीची वाट न पाहता आपल्या लोकांसाठी शब्द निवडण्याचा अधिकार दोघांनीही स्वतःकडे घेतला. रमाबाईंपाशी त्यासाठी छापखाना होता, टिळकांपाशी नव्हता; आणि या एका गोष्टीमुळे पुष्कळ फरक पडला.

न लिहिणारी मंडळी

वर आलेले बहुतेक ग्रंथकार ब्राह्मण वा अन्य सवर्ण घराण्यांतून आलेले होते. वडाळा, राहुरी आणि आसपासच्या खेड्यांतील मंडळ्या मात्र प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतील कुटुंबांनी बनलेल्या होत्या. तेथील शिक्षक आठवडाभर शाळा चालवी आणि रविवारी उपासनाही चालवी. मंडळीचे प्रत्यक्ष पुढारपण त्याच्याकडे होते. ट्रॅक्ट तो वाचून दाखवी, पदे पाठ करून घेई. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची जी पद्धत रूढ केली तिचा उपयोग अशाच ठिकाणी झाला, कारण कीर्तनाला साक्षर श्रोता लागत नाही. या शिक्षकांच्या नेतृत्वाविषयी ग्रंथ फार थोडे आहेत. त्यांचे उल्लेख अहवालांत आणि 'ज्ञानोदया'च्या वृत्तांतांत ओळी-दोन ओळींत विखुरलेले आढळतात. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनातील सोवळेओवळे कसे गळून पडले हे निर्भीडपणे सांगितले आहे. पलीकडच्या बाजूने तोच अनुभव सांगणारे आत्मकथन त्या काळात निर्माण झाले नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासातील ही मोठी पोकळी आहे, आणि ती केवळ ग्रंथालयांत बसून भरून निघणार नाही.

लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर सुमारे पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे सुमारे दहा अध्याय लिहून टिळक गेले होते. पुढील साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, पुन्हा ओवीतच. त्यांचे निधन १९३६ मध्ये झाले आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. मंडळीतील कोणतेही अधिकारपद त्यांच्याकडे नव्हते.