कर्नलवरचा डाग: एका इशाऱ्याचा इतिहास

दिवाळीच्या सुट्टीत मी मिरजगावला घरी होतो. सोमवारी गाइडना प्रकरण द्यायचं होतं, आणि त्याला लागणारी मुलाखतींची सगळी रेकॉर्डिंग बाहेरच्या एका हार्ड डिस्कवर होती. डिस्कवर झेडएफएस ही फाइलसिस्टिम. आदल्या रात्री लॅपटॉपवर लिनक्सचं अपडेट झालेलं. डिस्क जोडली, तर काहीच उघडेना. झेडएफएसचं मॉड्यूल सापडत नाही, एवढंच उत्तर. (मॉड्यूल म्हणजे कर्नल चालू असतानाच त्याला जोडता येणारा तुकडा. बहुतेक ड्रायव्हर याच रूपात असतात, आणि फाइलसिस्टिमही असू शकते.)

घाबरून मी जे केलं ते तुम्ही करू नका. जुन्या कर्नलसाठी बनलेली मॉड्यूलची फाइल नव्या कर्नलमध्ये घालून पाहिली. कर्नलने ती नाकारली: 'व्हर्जन मॅजिक' जुळत नाही. एक मित्र फोनवर म्हणाला, "जबरदस्तीने लोड कर की!" नशीब, मी ऐकलं नाही. व्हर्जन मॅजिक म्हणजे मॉड्यूलमध्येच नोंदलेली एक ओळ: हे कोणत्या कर्नलसाठी आणि कोणत्या सेटिंगने बनलं. बाहेरून प्रोग्रामना दिसणारी बाजू लिनक्स जपतं, पण कर्नलच्या आतल्या रचना आवृत्तीगणिक बदलतात. त्या स्थिर ठेवायच्या नाहीत हे धोरणच आहे, आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते कर्नलच्या दस्तऐवजांत सविस्तर लिहून ठेवलंय. जुळत नसलेलं मॉड्यूल घुसवलं तर ते मेमरीत भलत्याच जागी लिहू शकतं. फाइलसिस्टिमच्या बाबतीत याचा अर्थ तुम्हाला कळलाच असेल.

उपाय साधा निघाला. मशीन रीस्टार्ट केलं, बूट मेनूतून जुना कर्नल निवडला आणि डिस्क उघडली. पण त्या वेळी लॉगमध्ये एक ओळ दिसली, जी इतकी वर्षं मी नुसती ओलांडून गेलो होतो: झेडएफएसचं लायसन्स 'सीडीडीएल', त्यामुळे कर्नल 'टेंट' झाला. टेंट म्हणजे डाग. त्याच्याखाली आणखी एक ओळ: या डागामुळे लॉक तपासण्याची सोय बंद करत आहे.

इथे माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. डाग कुणी ठरवला? केव्हा? कशासाठी?

ही व्यवस्था २००१ सालची, लिनक्स २.४च्या काळातली. ग्राफिक्स कार्डं वगैरेंचे बंद ड्रायव्हर वापरणारे लोक कर्नल कोसळला की तक्रार पाठवायचे. ज्या कोडमध्ये डोकावता येत नाही त्याच्या चुका शोधायच्या कशा? म्हणून मॉड्यूलने स्वतःचं लायसन्स सांगावं असं ठरलं. जीपीएलशी न जुळणारं लायसन्स असेल, तर कोसळतानाच्या अहवालात 'पी' हे अक्षर उमटतं. पी म्हणजे प्रोप्रायटरी, मालकीहक्काचं. म्हणजे हा इशारा मुळात तुमच्यासाठी नव्हताच. तो तक्रार वाचणाऱ्यासाठी होता. जबरदस्तीने लोड केलेल्या मॉड्यूलसाठी 'एफ' असतं. मित्राचं ऐकलं असतं तर माझ्या अहवालात तेही आलं असतं.

लवकरच डाग लपवायची धडपडही सुरू झाली. २००४ मध्ये लिनक्संट या कंपनीच्या मोडेम ड्रायव्हरमध्ये एक गंमत सापडली. लायसन्सच्या ओळीत 'जीपीएल' असं लिहून लगेच शून्य बाइट ठेवला होता, आणि खरा खुलासा त्याच्या पुढे. सी भाषेत शून्य बाइट आला की मजकूर संपला. कर्नलला फक्त 'जीपीएल' दिसायचं. कंपनीचं म्हणणं असं, की ड्रायव्हरचे बरेच तुकडे आहेत, प्रत्येकाचा वेगळा इशारा येतो आणि ग्राहक गोंधळतात. कर्नलच्या लोकांना ही सरळ फसवणूक वाटली. मला दोन्ही बाजू समजतात, पण कंपनीची बाजू घेववत नाही. ग्राहकाचा गोंधळ घालवायला तक्रार वाचणाऱ्याचे डोळे झाकणं हा काही मार्ग नाही.

आता पुण्याकडे या. झेडएफएस मूळ सन मायक्रोसिस्टिम्सचं, आणि २००५ मध्ये त्याचा कोड सीडीडीएलखाली खुला झाला. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ब्रायन बेहलेनडॉर्फ यांनी ते लिनक्सवर आणायला घेतलं. पण आपण रोज वापरतो तशा फाइली-फोल्डरांचा थर त्यात अजून नव्हता. पुण्याच्या केक्यू इन्फोटेकने २०१०च्या सुमारास तो थर घालून लिनक्ससाठीचं झेडएफएसचं कर्नल मॉड्यूल लोकांपुढे आणलं. व्हेरिटाससारख्या कंपन्यांमुळे पुण्यात स्टोरेजवर काम करणारे इंजिनिअर होतेच, त्यामुळे हे तिथे घडलं याचं मला फारसं नवल वाटत नाही.

आणि या कोडवरही 'पी'चाच डाग. कोणीही उघडून वाचावा असा कोड, तरी नोंद 'मालकीहक्काचं'! कारण कर्नल एकच प्रश्न विचारतो: जीपीएलशी जुळतं का? नाही म्हटलं की बंद कोड आणि खुला कोड एकाच खान्यात. जुन्या गॅझेटियरमधले रकाने वाचताना आपल्याला सांगतात ना, की रकाना ज्याच्याबद्दल आहे त्याच्याइतकंच तो आखणाऱ्याबद्दलही बोलतो. इथे अगदी तेच.

हा फरक कागदावरच राहत नाही. २०१९ मध्ये आलेल्या ५.० कर्नलमधून एक जुनं फंक्शन काढलं गेलं. झेडएफएस चेकसम वेगाने काढण्यासाठी ते वापरत होतं, आणि त्याच्या जागी उरलेलं फंक्शन फक्त जीपीएल मॉड्यूलना खुलं होतं. झेडएफएसवाल्यांना वेगळी वाट शोधावी लागली.

तुम्हाला अशा ओळीचा माग काढायचा असेल, तर कर्नलच्या गिट इतिहासात ती कुणी, केव्हा आणि काय कारण देऊन लिहिली हे सापडतं. फक्त एक लक्षात ठेवा. तो गिट इतिहास एप्रिल २००५ मध्ये, २.६.१२-आरसी२ पासून सुरू होतो. डागाची कल्पना त्याआधीची, त्यामुळे गिट तुम्हाला पहिल्याच नोंदीवर आणून सोडेल, जणू सगळं एका दिवशीच लिहिलं गेलं. तिथून मागे जायला जुन्या आवृत्त्यांचे कोड आणि बदलांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून बघाव्या लागतात. मी सध्या तेच करतोय, जुन्या कर्नलवर.